लाल टिकली, काळी टिकली

मोघेबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या चहाला, असा आमचा समज होता. मँचेस्टरबाहेर, ट्रामलाइनच्या शेवटाकडे, आम्ही नुकतंच एक नवंकोरं घर घेतलं होतं आणि महाराष्ट्र मंडळातल्या चार ओळखीच्या माणसांना बोलावलं होतं. बाईंनी दारात बूट काढले, माझ्या बायकोच्या, रश्मीच्या, हातात बेसनलाडवांचा डबा दिला आणि सरळ भिंतीशी गेल्या. डाव्या हाताचं मधलं बोट भिंतीवर सपाट टेकवलं, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्यावर दोन ठोके मारले, कान तिरका केला. मग हातभर पुढे सरकून पुन्हा दोन ठोके. अशा ठोकत ठोकत त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. तोवर चहा गार झाला.

“काय सुंदर घुमतेय रे भिंत! तब्येत उत्तम आहे. कुठला तू?”

मी नागपूरचा म्हणून सांगितलं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी नागपूरच झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात रश्मीनं हौसेनं टांगलेला मोठा आरसा त्या उत्तम तब्येतीच्या भिंतीचा वीतभर तुकडा घेऊन खाली आला. मी बाईंना फोन करून सांगितलं. “आरसा जड असेल,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. निदान चुकलं असं म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि खरं म्हणजे तशी वेळही फारशी येत नसे.

वसुधा मोघे छातीच्या डॉक्टर. मिरजेला शिकल्या आणि पंचविशीत इकडे आल्या. सरकारी हॉस्पिटलात सगळी नोकरी छाती ठोकण्यात गेली. मी पाहिलं तेव्हा वय पंचाहत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट, अंगात बारा महिने एकच निळा अनोरॅक, म्हणजे टोपीवाला पावसाळी कोट. नखं इतकी बारीक कापलेली की बोटं लहान मुलाची वाटावीत. निवृत्त झाल्यावर छात्या मिळेनाशा झाल्या, तसा त्यांनी बाकीच्या जगाकडे मोर्चा वळवला. नारळ ठोकायच्या, भाजलेल्या पावाचं बूड ठोकायच्या, टेबलं ठोकायच्या. एकदा सुपरमार्केटमध्ये त्यांना कलिंगड निवडताना पाहून एका गोऱ्या आजोबांनी आपलं कलिंगड पुढे केलं. मग त्यांच्या मागच्या बाईनं केलं. मी दूध घेऊन परत येईपर्यंत तिथं ओपीडी भरली होती आणि बाई एकेकाला सांगत होत्या, “दिस वन इज गुड. दॅट वन, पुट इट बॅक.” फळ असो, पाव असो, माणूस असो, चांगलं ते घुमतं, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा अनुभव होता.

निरोगी छातीत हवा असते, म्हणून ठोकल्यावर आवाज मोकळा, घुमणारा येतो. डॉक्टर त्याला रेझोनंट म्हणतात. आत पाणी साचलं किंवा काही वाढलं की तोच आवाज बसका होतो. तो डल. हे मला बापट डॉक्टरांनी सांगितलं. बापट भूल देणारे डॉक्टर. बाईंच्याच हॉस्पिटलात होते आणि मंडळाच्या सभेत सगळ्यांच्या आधी स्वतः झोपायचे. ते म्हणाले, “वसुधा राऊंडला असली ना, की डल हा शब्द कधी मोठ्यानं बोलायची नाही. हळूच कागदावर लिहायची. मग पडदा ओढायची आणि पेशंटच्या पलंगावर बसायची. सिस्टर ओरडायच्या, पलंगावर बसायचं नाही म्हणून. ही बसायचीच.”

बाईंचा जीव मात्र एका इमारतीत गुंतला होता. आमच्या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं एक सार्वजनिक स्नानगृह आहे. त्या काळी इकडे घरोघरी न्हाणीघरं नव्हती. गिरणीतल्या माणसांनी अंघोळ करावी, पोहायला शिकावं म्हणून गावानं हे बांधलं आणि बांधताना हात अजिबात आखडला नाही. समोर लाल वीट आणि भाजक्या मातीची नक्षी. आत शिरलं की दोन मजले उंच दालन, आणि जमिनीपासून छतापर्यंत समुद्राच्या पाण्यासारख्या हिरव्या चकचकीत टाइल्स. मधूनमधून टाइलमध्येच उठवलेले मासे. जिन्याच्या कठड्यालासुद्धा तीच टाइल. नुसत्या अंघोळीसाठी एवढा थाट केलेला पाहून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. पोहण्याचे तलाव केव्हाच बंद झाले, पण पुढचं दालन आणि वरच्या खोल्या कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, भाड्यानं द्यायची. आमची रविवारची मराठी शाळा तिथं भरायची आणि गणपतीही तिथंच बसायचा.

इमारतीला तीन दारं. प्रत्येकावर मातीत कोरलेली अक्षरं: ‘मेल्स, फर्स्ट क्लास’, ‘मेल्स, सेकंड क्लास’, आणि गल्लीच्या बाजूला एका अरुंद दारावर नुसतं ‘फीमेल्स’. आता तिन्ही दारांनी कोणीही जावं, पण बाई पावसात भिजत का होईना, वळसा घालून ‘मेल्स, फर्स्ट क्लास’नंच आत जायच्या. मी एकदा विचारलं.

“नागपूर, मी इथं आले तेव्हा माझ्या घरमालकिणीकडे आठवड्यातून एक अंघोळ. तीही तिच्या नवऱ्याच्या नंतर, कोमट पाण्यात. डिसेंबर महिना. मला वाटायचं, हाडांत बर्फ झालाय. मग वॉर्डमधल्या एका आयाबाईनं मला इथं आणलं. त्या गल्लीतल्या दारानं. एवढा मोठा टब, गळ्यापर्यंत कढत पाणी. मी त्या टबमध्ये बसून इतकी रडले, इतकी रडले, की बाहेरून अटेंडंटनं दार वाजवलं, ‘यू ऑल राइट, लव्ह?’ या देशात मला पहिली ऊब लागली ती या भिंतींच्या आत.” मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “तेव्हाच ठरवलं होतं, कन्सल्टंट झाले की पुढच्या दारानं येईन.”

एका रविवारी मराठी शाळा चालू असताना जिन्यावरची एक टाइल निसटून पायरीवर पडली आणि फुटली. पायरीवर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. कौन्सिलनं लगेच दालन बंद केलं. महिनाभरानं अहवाल आला: सर्व टाइल्स भिंतीपासून सुटत आहेत, दुरुस्ती परवडणारी नाही, इमारत पाडावी. दोन महिन्यांनी कमिटी बसणार होती. त्याआधी लोकांनी आपलं म्हणणं कळवायचं होतं.

इमारतीचा केअरटेकर ब्रायन. हा तिथंच पोहायला शिकलेला आणि नंतर तिथंच नोकरीला लागलेला, साठीचा, अबोल माणूस. बाई अहवाल हातात घेऊन त्याच्याकडे गेल्या. मी मागे होतोच.

“ब्रायन, त्या माणसानं भिंतीला हात लावला होता?”

“फोटो काढले, डॉक. बरेच काढले. मग कॉफी प्यायला.”

“हात?”

“नो, डॉक.”

बाई वळून मला मराठीत म्हणाल्या, “पेशंटला हात न लावता डेथ सर्टिफिकेट! माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं ना, तर त्याला मी परत पहिल्या वर्षाला बसवलं असतं.”

त्यांनी कौन्सिलला चार पत्रं लिहिली आणि शनिवारची परवानगी मिळवली. अट अशी की सगळ्यांनी हेल्मेट घालायचं आणि चाकांच्या उंच मनोऱ्यावर फक्त ब्रायननं चढायचं. आमच्या मंडळात निवृत्त डॉक्टरांना तोटा नाही. पहिल्या शनिवारी चौदा जण जमले. हेल्मेटखाली बापट कोण नि बाकीचे कोण, ओळखू येत नव्हतं. बाईंनी रशोमच्या देशी बाजारातल्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली होती, लाल आणि काळी. टाइलला डाग न पडता चिकटतात आणि नखानं निघतात.

“ऐका,” त्या पायरीवर उभं राहून म्हणाल्या, “टाइलमागे पाणी शिरलं असणार. पाणी म्हणजे डल. डल वाजली की लाल टिकली. रेझोनंट वाजली की काळी, ती निरोगी. शंका आली तर मला हाक मारायची.”

चौदा डॉक्टरांनी माना डोलावल्या. पाणी म्हणजे डल, यात डोकं खाजवण्यासारखं काय होतं? मी तर कंप्यूटरवाला. माझ्याकडे काम होतं लॅपटॉपवर नकाशा भरण्याचं. मीही मान डोलावली.

तीन शनिवार भिंती ठोकणं चाललं. वर मनोऱ्यावर ब्रायन ठोकायचा आणि बाई खालून कान देऊन ओरडायच्या, “अगेन, ब्रायन! मनगटातून! खांद्यातून नको!” तिसऱ्या शनिवारी दुपारी शेवटची टाइल झाली आणि आम्ही सगळे दालनाच्या मधोमध येऊन उभे राहिलो.

सगळी भिंत लाल होती. खालपासून वरपर्यंत लालच लाल, जिन्याकडेला तेवढ्या थोड्या काळ्या. कौन्सिलचा अहवाल सौम्य म्हणावा असं ते दृश्य होतं. बापट हेल्मेट काढून हळूच म्हणाले, “केस हाताबाहेर गेली, वसुधा.”

बाई पायरीवर बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी मूर्खासारखं बोलतो. मी म्हणालो, “बाई, नकाशा फक्त आपल्याकडेच आहे. कौन्सिलला द्यायलाच पाहिजे असं नाही.”

त्यांनी मान वर केली. “रिपोर्ट लपवायचा? पेशंट आपला आवडता आहे म्हणून?” एवढंच म्हणाल्या, आणि मी लॅपटॉप मिटला.

लोक गेले. ब्रायन कुलपं घेऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, “पाच मिनिटं दे. पडलेल्या टाइलची जागा बघून येते. ज्या पेशंटला गमावलं, त्याला निदान शेवटचं भेटून यावं.” त्या जिना चढल्या, अनोरॅकमधून टॉर्च काढला आणि टाइल पडून उघड्या पडलेल्या चौकोनात डोकं घातलं. मग नुसत्याच उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला तसा मी वर गेलो.

“नागपूर, इथं बघ.” पडलेल्या टाइलच्या शेजारच्या टाइल्स कडेनं दिसत होत्या. त्यांच्यात आणि भिंतीत फट होती. बाईंनी त्या फटीत आपल्या एका व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा घातला, तो अख्खा आत गेला. “ही सुटलीय. ही पण सुटलीय. डोळ्यांनी दिसतंय. बरोबर?”

“बरोबर.”

“मग यांच्यावर काळ्या टिकल्या कशा?”

बाईंनी त्या टाइलवर दोन ठोके मारले. मस्त घुमली. मग हातभर पलीकडे, लाल टिकलीवर मारले. बसका, मुका आवाज.

“नागपूर,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुझा आरसा!”

आणि त्या हसायला लागल्या. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हिरव्या दालनात तो आवाज एवढा मोठा झाला की ब्रायन धावत जिना चढून आला.

“अरे, छातीत हवा पाहिजे. भिंतीत कशाला पाहिजे हवा? तुझी भिंत आतून पोकळ, म्हणून घुमली, आणि म्हणूनच आरसा पडला. टाइल भिंतीला घट्ट धरून असली की ती डलच वाजणार! सुटली की मागे हवा जाते, मग घुमते. पन्नास वर्षं माणसं ठोकली म्हणून भिंतीलाही आम्ही फुप्फुसं लावली! आणि चौदा डॉक्टरांपैकी एकाला कळू नये? एकाला?” मग ब्रायनचे दोन्ही दंड धरून त्या इंग्रजीत ओरडल्या, “शी इज फाइन, ब्रायन! शी इज ऑल डल!”

ब्रायननं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसतोय असं दाखवलं. तो चष्मा लावत नाही.

मी लॅपटॉप उघडला. लालचं काळं आणि काळ्याचं लाल करायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. बाईंनी झाकण बंद केलं. “चुकीचं निदान उलटं केलं की बरोबर होतं, असं तुला कोणी शिकवलं? सोमवारी सगळ्यांना फोन कर. पेशंट परत तपासायचा.”

मला त्यांचा राग आला. पुन्हा तीन शनिवार! बापटांनाही आला, ते फोनवर म्हणाले, “हिला सांग, माझी बोटं सुजलीत.” पण शनिवारी हेल्मेट घालून पहिले हजर तेच. आणि बाईंचंच खरं ठरलं: काही ठिकाणी पहिल्या वेळी थकलेल्या कानांनी चुकीचं ऐकलं होतं. या वेळी डल ती काळी आणि घुमणारी ती लाल; दुसऱ्या नकाशात सगळ्या भिंती काळ्या टिकल्यांच्या झाल्या आणि लाल टिकल्यांचा फक्त एक पट्टा उरला, जिन्याकडेला, लुगड्याच्या काठाएवढा. त्याच्या बरोबर वर छतात एक जुना पाइप गळत होता. तो ब्रायननं त्याच दिवशी शोधून काढला.

कमिटीपुढे बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मला वाटलं होतं, बाई दुसरा नकाशा दाखवतील आणि बसतील. त्यांनी आधी पहिला दाखवला.

“ही माझी चूक आहे,” त्या म्हणाल्या. “मी छातीची डॉक्टर आहे आणि मी भिंतीला छातीसारखं तपासलं. माझ्यासोबतच्या चौदा डॉक्टरांनीही. आमची चूक आम्हाला सापडली, कारण आम्ही भिंतीला हात लावला. हा दुसरा नकाशा.”

अध्यक्षबाई जरा हसून म्हणाल्या, “डॉक्टर, मग यांतल्या कशावर विश्वास ठेवायचा?”

“कशावरच नको. इमारत इथून पाच मिनिटांवर आहे. बोटं तुमच्याकडेही आहेत.”

मागे बसलेल्या आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा अध्यक्षांनी शांत राहायला सांगितलं. पण त्या आठवड्यात त्या आणि आणखी दोन सभासद खरोखर आले. बाईंनी त्यांना हेल्मेट दिली, बोटं कशी धरायची ते शिकवलं, आणि एकाला “मनगटातून!” म्हणून ओरडल्या. मग कौन्सिलनं जुन्या टाइल्सचा खराखुरा जाणकार पाठवला. तो छोटी लाकडी हातोडी घेऊन आला. दोन दिवस तो ठोकत होता आणि बाई हाताची घडी घालून, परीक्षेला बसवलेल्या पोरामागे उभं राहावं तशा, मागे उभ्या. शेवटी त्यानं आपला नकाशा त्यांच्या नकाशाशेजारी ठेवला आणि टोपी काढली. पाडायचा ठराव मागे घेतला गेला. त्या संध्याकाळी आमच्या दारात एक मोठा आरसा येऊन पडला, सोबत चिठ्ठी: ‘नागपूर, निदान चुकलं होतं. विटेच्या भिंतीवर लाव.’

दालन पुन्हा उघडलं त्या दिवशी मला केंब्रिजला नवी नोकरी लागलेली होती आणि आमचं सामान बांधून तयार होतं. त्यामुळे बाईंचं मला झालेलं हे शेवटचं दर्शन. ढोलताशे होते, शाळेची मुलं नटून आली होती, गावातले जुने लोक कित्येक वर्षांनी आत पाऊल ठेवत होते. लाल टिकल्यांच्या जागी तशाच हिरव्या टाइल्स घडवून बसवल्या होत्या. नवी कुठली ते सांगता येऊ नये इतक्या बेमालूम. बाई अर्थातच ‘मेल्स, फर्स्ट क्लास’मधून आल्या. कोणीतरी त्यांच्या हातात फीत कापायला कात्री दिली.

त्यांनी कात्री बापटांकडे दिली, फितीखालून वाकून पलीकडे गेल्या आणि जिना चढून टाइल पडली होती त्या जागेशी थांबल्या. ताशा थांबला. त्यांनी डावं बोट नव्या टाइलवर टेकवलं, उजव्यानं दोन ठोके मारले आणि कान तिरका केला.

जो शब्द त्यांनी सगळ्या नोकरीत पेशंटसमोर कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता, जो त्या कागदावर लिहून पडदा ओढायच्या, तो त्या आमच्याकडे वळून, दोन्ही हात वर करून ओरडल्या.

“डल!”

पहिली टाळी बापटांची. मग चौदा म्हाताऱ्या डॉक्टरांनी असा काही जल्लोष केला की गावातल्या लोकांना काही न कळूनही ते सामील झाले. ब्रायननं आज रुमाल लपवला नाही. मीही नाही. बाईंनी शेजारची टाइल ठोकली. “डल!” त्याच्या पुढची. “डल!” त्या भिंतीवर दोन बोटं ठेवत, ठोकत, ओरडत एकेक पायरी वर चढत राहिल्या आणि हिरव्या भिंती तो शब्द आमच्यावर परत परत टाकत राहिल्या. जिन्याच्या वळणावर निळा अनोरॅक दिसेनासा झाला, तरी वरून आवाज येतच होता: डल, डल, डल.